फरशी थांबली तो उन्हाळा

त्या उन्हाळ्यात आमच्या पडवीत फरशीची खोकी भिंतीला लावून रचून ठेवली होती आणि मी रोज सकाळी त्यांच्यावर फडकं मारत होते. फरशी जमिनीवर लावायची असते, खोक्यात ठेवून तिची धूळ पुसायची नसते, एवढी अक्कल मलाही आहे. पण करता काय! मिस्त्री येऊन विचारायचा, "ताई, लावू का?" आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवायची. खाली कोळसा आहे की नाही हे कळल्याशिवाय वर फरशी कोण लावणार?

आधी घराचं सांगते, म्हणजे माझा जीव एवढा टांगणीला का लागला होता ते कळेल. लग्न होऊन मी गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा घर एक, चूल एक आणि त्या चुलीवर राज्य माझ्या मोठ्या जावेचं. वाईट नव्हती ती. पण तिखट किती टाकायचं ते ती सांगणार, माझ्या माहेरचं कोणी आलं तर भात किती रांधायचा तेही तीच सांगणार. माझी उमेदीची सगळी वर्षं तिच्या हाताखाली गेली. पुढे दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. बोडीखालच्या, म्हणजे लहान तळ्याखालच्या, धानाच्या बांध्या आमच्याकडे आल्या. भासऱ्यांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, वरची बरड जमीन जास्तीची मिळाली आणि गावातलं राहतं घर मिळालं. मग आम्ही शेताच्या कोपऱ्यावर घर बांधायला काढलं. एका हंगामाला भिंती, पुढच्याला स्लॅब, मग न्हाणीघर आणि शेवटी गोंदियाहून आणलेली ही फरशी. दुधाळ रंगाची, कडेला फिकट निळी वेल. माझ्या आयुष्यात मी स्वतः निवडलेली ती पहिली मोठी वस्तू. "नवरासुद्धा मी निवडला नव्हता," असं मी आमच्या यांच्या तोंडावर म्हणते. हे हसतात, बिचारे.

फरशी घरात येऊन पडली आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत सभा झाली. जीपमधून एक मॅडम आल्या होत्या. पायात गुडघ्याला टेकतील असे बूट, डोक्यावर टोपी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्या म्हणाल्या, "देखिए, ये सिर्फ पाहणी आहे. या पूर्ण पट्ट्यात जमिनीखाली कोणता खडक आहे, कोळशाचा थर कुठे आहे का, एवढंच पाहायचं. कोळसा आहे असं आम्ही म्हणत नाही." गावानं त्यातला एकच शब्द उचलला आणि घरी नेला. एकाच्या बोअरमधून मागे काळं पाणी आलं होतं, ते सगळ्यांना त्याच दिवशी आठवलं. संध्याकाळपर्यंत गावात खाण सुरू झाली होती, ट्रक धावू लागले होते आणि कोणाकोणाला नोकरी लागणार हेही पारावर ठरलं होतं.

मला मात्र बहिणीचं गाव आठवलं. माझी मोठी बहीण चंद्रपूरकडे दिली आहे. तिचं गाव खाणीत गेलं. कोणी लुबाडलं नाही तिला. भाव मिळाला, नव्या वसाहतीत घर मिळालं, नळ मिळाला. पण फोनवर ती एकच बोलते, "वाळत घातलेलं लुगडं झटकल्याशिवाय घडी करता येत नाही वो, आणि माझी तुळस कुठे होती ती जागा मला आता सापडत नाही." जिथं तिचं अंगण होतं तिथं आज खोल खड्डा आहे. माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो खड्डा यायचा आणि त्याच्या तळाशी माझी निळ्या वेलीची फरशी दिसायची.

मशीन आली ती नेमकी आमच्या धुऱ्यावर. धुरा म्हणजे आमच्या आणि भासऱ्यांच्या शेताच्या मधला बांध. तिथं जागा सपाट आहे आणि बोडीचं पाणी जवळ, म्हणून. मॅडमनी मला समजावून सांगितलं की पोकळ पाइप असतो, त्याच्या तोंडाला हिऱ्याचे बारीक दात असतात, तो फिरत फिरत खडक कापत खाली जातो आणि मधला दगडाचा दांडा पाइपातच राहतो. तो दांडा वर काढतात. त्याला ते लोक कोर म्हणतात. मी म्हटलं, "मॅडम, एखादा हिऱ्याचा दात पडला तर पडू द्या आमच्या शेतात, शोधू नका." त्या हसल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

कोर म्हणजे दिसायला वरवंट्यासारखा गोल, गुळगुळीत दगड. कुठला हातभर, कुठला वीतभर. ते तुकडे लांबट पेट्यांतल्या कप्प्यांमध्ये ओळीनं लावायचे, वरचा खडक आधी, खालचा नंतर, आणि कप्प्याच्या कडेवर खोली लिहायची. आता या पेट्या उन्हात ठेवायच्या कशा? आमच्या यांनी मोठेपणानं सांगून टाकलं, "आमच्या पडवीत ठेवा." मला विचारलं नाही, सवरलं नाही. झालं! एका बाजूला माझी फरशी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या दगडांच्या पेट्या. मॅडम आल्या की पेट्यांवर पाणी शिंपडायच्या, ओल्या दगडावर भिंग धरायच्या आणि वाकून पाहत बसायच्या. मी चहा घेऊन उभी राहायची आणि त्यांच्या कपाळाकडे बघायची. आठी पडली की मी देवाचं नाव घ्यायची.

भासरे मात्र खुशीत होते. सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर उभे. "बरडीवर कुरता बी नीट उगवत नाही. खान आली तं सोनं होईल त्या जमिनीचं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. कुरता म्हणजे आमच्याकडचा कुळीथ. आता आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. समोर आले की पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. त्यामुळे माझा सगळा राग जावेवर निघाला. हापशीवर गाठून मी तिला म्हटलं, "बाई, तुमच्या घरात दिवाळी चालली आहे म्हणे. आमचं घर गेलं तर चालेल ना तुम्हाला?"

ती हंडा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "निघला तं निघन. आपन काय करनार वो त्याले?"

बस, एवढंच. मला इतका संताप आला की माझा हंडा अर्धाच भरून मी निघून आले. तिचं काय जात होतं? घर तिचं गावात, बरड जमीन तिची, भाव तिला मिळणार. मनात आलं, इतकी वर्षं हिच्या चुलीसमोर धूर खाल्ला आणि आता मला एक घर होतंय तेही हिला बघवत नाही.

आणि मग एका दुपारी ऊन उतरता उतरता मशीनवरचा माणूस ओरडला, "काला निकला! काला!"

मी हातातलं सूप टाकून धावले. पाइपातून काढलेले तुकडे त्यांनी तागाच्या पोत्यावर ठेवले होते. आधीचे दगड करडे, हिरवट होते. हे काळेभोर. मी एक उचलला. तळहाताला तव्याच्या बुडासारखं काळं लागलं. मी तिथंच धुऱ्यावर बसले. भासऱ्यांनी तर टाळी वाजवली. आमचे हे माझी समजूत काढायला म्हणाले, "फरशी अजून लावली नाही, हे बरंच झालं. खोकी उचलून कुठंही नेता येतील." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जाऊही आली होती. तिनं त्या दगडावर बोट घासलं, बोटाकडे पाहिलं. मग वळून आमच्या पडवीतल्या खोक्यांकडे पाहिलं. बोट लुगड्याला पुसलं आणि निघून गेली. माणसांनी काळे तुकडे पेटीत लावून पेटी पडवीत ठेवली आणि मॅडमना फोन केला. मॅडम देवरीकडे दुसऱ्या मशीनवर होत्या. उद्या सकाळीच येते, म्हणाल्या.

सकाळी मॅडम आल्या, पेटीवरचं झाकण काढलं, आणि काळा दगड नाही! वरचे करडे तुकडे आपल्या जागी, खालचे आपल्या जागी, मधला कप्पा रिकामा. मी म्हटलं, आता मेले. पडवी माझी, राखण माझी. माणसांनी सगळीकडे शोधलं. पेट्या उलथ्यापालथ्या केल्या, माझी फरशीची खोकीसुद्धा हलवून पाहिली, गोठ्यातला कडबा उपसला. काही नाही.

मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "ताई, बाकी सगळा खडक मी सांगू शकते. पण काळा थर होता आणि तो मी पाहिलाच नाही, असं कसं लिहू? तो नाही सापडला तर शेजारी दुसरं छिद्र घ्यावं लागेल. आणि इथली बाकीची छिद्रं उरकली की मशीनला पुढचं गाव दिलेलं आहे, परत येईल ती धान कापून झाल्यावरच."

"शेजारी म्हणजे कुठं?" मी विचारलं.

त्यांनी चालत जाऊन जागा दाखवली. आमच्या न्हाणीघराला लागून, अंगणाच्या कोपऱ्यात. म्हणजे आणखी एक पावसाळा, एक दिवाळी फरशी खोक्यात आणि माझा जीव पेटीत.

त्याच दिवसांत गावात महादेव निघाला. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड आहे, त्याखाली मातीचा ओटा करून कोणीतरी पिंड बसवल्याचं बायका सांगू लागल्या. कोणीतरी म्हणजे माझी जाऊच. म्हशी पाण्यात घातल्या तेव्हा चिखलात पायाला देव लागला, असं ती म्हणत होती. शेंदरानं आणि तेलानं माखलेला देव, समोर एक लहान नंदी, बाजूला आणखी दोनचार छोटे देव. एवढ्या वर्षांत त्या चिखलात म्हशीच्या पायाला काटा लागला होता, देव कधी लागला नव्हता. पण देवाच्या बाबतीत कोणी पंचनामा करत नाही. बायका तांब्या घेऊन जाऊ लागल्या. मीही गेले. अडलेला माणूस कुठं कुठं जात नाही!

मी हात जोडून म्हणायची, "देवा महादेवा, खाली काहीही असू दे. माती असू दे, दगड असू दे, सोनं असू दे, पण कोळसा नको." मग वाटायचं, सोन्यालाही खणायला येतील. म्हणून परत म्हणायची, "सोनंही नको." शेजारी जाऊ डोळे मिटून उभी असायची, तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, ही नेमकं उलटं मागत असणार. बिचाऱ्या देवानं कोणाचं ऐकायचं? मी मुद्दाम तिच्यापेक्षा जास्त वेळ उभी राहायची.

एका सोमवारी मी देवाला जरा मनापासून पाणी घातलं. तांब्याभर घालायचं ते घागरभर ओतलं आणि हातानं चोळून जुनं तेल काढलं. शेंदूर निघाला आणि माझा तळहात काळा झाला. तव्याच्या बुडासारखा काळा.

मी हाताकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. गोल, गुळगुळीत, वरून-खालून तुटलेला आणि बाजूनं यंत्रात कापलेला. नंदीही तसाच, नंदीच्या शेजारचेही तसेच. अरे बापा! अख्ख्या गावानं मॅडमच्या पेटीतल्या दगडावर पाणी ओतलं होतं. त्यात मी सगळ्यांत जास्त.

तांब्या-घागर तिथंच टाकून मी तणतणत जावेच्या घरी गेले. ती ओसरीत तांदूळ पाखडत होती. पण भासरे खाटेवर बसलेले! आता बोलायचं कसं? मी पदर ओढला, त्यांच्याकडे पाठ केली आणि दावणीच्या म्हशीला म्हटलं, "काय वो, आमच्या पडवीतून दगड न्यायचा, त्याला शेंदूर फासायचा आणि चोरीचा आळ आमच्यावर? आमच्या अंगणात दुसरं छिद्र पडावं म्हणूनच केलं ना हे? एकदा खणून पोट नाही भरलं?"

म्हैस रवंथ करत राहिली. जावेच्या हातातलं सूप थांबलं. भासरे मात्र खाटेवरून उठले. ते माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तेही म्हशीलाच म्हणाले, "म्हंजे देव काळा हाय! म्हंजे कोळसाच हाय! चाला, मॅडमले बोलवा!" आणि पायात चप्पल न घालता बोडीकडे निघाले.

मॅडम त्या दिवशी आमच्याकडेच यायच्या होत्या, चोरीचं लिहून घ्यायला आणि अंगणातली जागा आखायला. त्यांची जीप पाळीवर थांबली तोवर झाडाखाली बरीच माणसं जमली होती. जाऊ ओट्याला टेकून उभी होती, दोन्ही हात पसरून. "देवाले हात लावू नका," एवढंच म्हणत होती. माणसंही बिचकली होती. कोणी म्हणे देव आहे, कोणी म्हणे दगड आहे, पण पुढे कोणी होईना.

मॅडमनी काय केलं असेल? खाली बसून आधी बूट काढले. अनवाणी ओट्यापाशी गेल्या, हात जोडले. मग जावेला म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्या देवाला हात नाही लावणार. पण हा दगड या ताईंच्या पडवीतून गेला आहे. सापडला नाही तर मला यांचं नाव लिहावं लागेल, आणि छिद्र यांच्या अंगणात घ्यावं लागेल. मला दुसरा रस्ता नाही."

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मग भासऱ्यांकडे. आणि म्हणाली, "तिनं नाही नेला. म्या नेला तो." वाकून तिनं स्वतःच देव उचलला, पोटाशी धरला आणि आमच्या घराकडे चालू लागली. आम्ही सगळे मागून. मी नंदी घेतला, बाकीचा परिवार दुसऱ्या बायकांनी घेतला.

अंगणात बादलीत पाणी घेऊन देवाचा शेंदूर धुतला. मॅडमनी भिंग लावलं, चाकूनं ओरखडा काढला, दगड हातावर तोलून पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी पडते का इकडे माझं लक्ष. आठी नव्हती. उलट त्या गालातल्या गालात हसत होत्या. "मावशी, याचा एक टवका काढू?" त्यांनी जावेला विचारलं. जावेनं डोळे मिटून मान हलवली. हातोडीचा एक ठोका पडला आणि बोटाएवढा टवका निघाला. तो माझ्या हातावर ठेवून मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमची चूल पेटली आहे ना? घाला त्यात."

अंघोळीचं पाणी तापवायची माझी बाहेरची चूल. निखारे फुललेले होते. मी चिमट्यानं टवका मधोमध ठेवला आणि फुंकणीनं फुंकत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराचंही आणि दुसरंही. सगळं गाव माझ्या पाठीमागे वाकून उभं. टवका तापला, कडेनं लाल झाला. पण ज्योत नाही, धूर नाही, काही नाही. बाहेर काढला, गार झाला, तर जसा आत गेला तसाच बाहेर आला. नुसता दगड.

"ओला असन," भासरे मागून म्हणाले. "सुकवून पाहा." मग गोवऱ्या टाकल्या, वर तुऱ्हाट्या टाकल्या. चांगला जाळ झाला. गोवऱ्यांची राख झाली, तुऱ्हाट्यांची राख झाली आणि दगड राखेत आरामात बसून राहिला. भासऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेचना. मी चुलीपुढं बसून वेड्यासारखी हसत होते. हसता हसता रडू कसं आलं ते माझं मलाच कळलं नाही. इतके महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून नेला होता. मोठा श्वास घेतला तर तो खालपर्यंत गेला.

चहा पिताना मॅडमनी सगळ्यांना सांगितलं. कोळसा म्हणजे झाडं. फार जुन्या काळी नद्यांच्या काठी, दलदलीत जंगलं गाडली गेली, त्यांच्यावर वाळू आणि चिखल बसत गेला, दाबून दाबून त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरकडे, उमरेडकडे तो वाळूचा खडक आहे, म्हणून तिथं कोळसा आहे. तसा खडक इकडे कुठं मातीखाली लपलेला आहे का, तेवढंच पाहायला ही मशीन आली होती. "पण तुमच्या खालचा हा दगड त्याच्यापेक्षा खूप म्हातारा आहे," त्या म्हणाल्या. "हा तयार झाला तेव्हा जमिनीवर एकही झाड नव्हतं. झाडच नव्हतं तर कोळसा कशाचा होणार?"

"मग काळा कशानं?" मी विचारलं.

"तेव्हा पाण्यात शेवाळासारखं काहीतरी असायचं. चिखलात मिसळून तेच दाबलं गेलं, तापलं. पेन्सिलीत असतं ना, तसलं काळं. हाताला लागतं, जळत मात्र नाही."

मी बोडीकडे पाहिलं. आमच्या या मुलखाला सगळे झाडीपट्टी म्हणतात. चहूकडे मोह, तेंदू, पळस. आणि त्याच्या खाली असा दगड, ज्यानं झाड पाहिलंच नाही. देवा, तुझे उपकार, म्हटलं मी. कोणत्या देवाला म्हटलं ते विचारू नका, तो तर बादलीत होता.

मॅडमनी तुकडे पेटीत जागच्या जागी लावले. मोठा महादेव त्यांना हवाच होता. पण जावेचं तोंड पाहून त्यांनी नंदी तेवढा परत दिला. "एवढा तुकडा कमी आहे असं लिहीन," म्हणाल्या. मग ओट्यावर नंदीलाच उभं करून महादेव केलं. बढती मिळाली त्याला. आजही आहे, आजही बायका पाणी घालतात. बाकीच्या ठिकाणीही तसलाच जुना कडक खडक लागला आणि धानाच्या रोवणीच्या आधी मशीन आमच्या शिवारातून निघून गेली. जाताना मॅडमनी फोन करून सांगितलं, "ताई, लावा फरशी."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर. तो आतल्या खोलीत सूत धरत होता आणि मी दारात उभी राहून हुकूम सोडत होते, वेल इकडून घे, तिकडून घे. तेवढ्यात जाऊ आली. म्हशीसमोर तमाशा झाला त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. ती डब्यात काहीतरी झाकून घेऊन आली होती. मिस्त्र्याला खायला, म्हणाली. मग ओल्या सिमेंटच्या कडेला उकिडवी बसली आणि कोरड्या फरशीवरून हात फिरवत राहिली.

माझ्या पोटात ती गोष्ट राहत नव्हती. मी विचारलंच, "बाई, काऊन नेला होता तो दगड? खरं सांगा."

"तो कोळसाच हाय असं वाटलं मले," ती म्हणाली. "साऱ्यांलेच वाटलं. मॅडम पाहीन तं संपलं सारं. मंग म्हटलं, कुठं लपवावा? विहिरीत टाकला तं काढतीन, जमिनीत पुरला तं खनतीन. देवाले कोन खनते?"

मी म्हटलं, "पण तुमच्या घरात तर सगळ्यांना खाण हवी होती!"

"यायले पाहिजे होती," ती म्हणाली. 'यायले' म्हणजे भासऱ्यांना. "मले कोनं पुसलं?" तिनं पुन्हा फरशीवरून हात फिरवला, निळ्या वेलीवर बोट फिरवलं. "म्या मांगत होती, देवा, तूच कोळसा हायस तं कोळसा असू दे, पन कोनाले सांगू नको. लहानीची फरशी लागाची हाय."

मिस्त्री आतून ओरडला, "ताई, पहिली फरशी कुठून लावू?" मी जावेचा हात धरून तिला उठवलं आणि म्हटलं, "बाईंना विचार. त्या सांगतील तिथून."